माऊलीची सेवापूर्ती

‘जनरल शिफ्ट’ या बँडची गिटार मी पहिल्यांदा नीट ऐकली, ती त्या बँडवर दीड वर्ष जीव ओवाळून टाकल्यानंतर. खोटं वाटेल, पण झालं तसंच. चाकणला आमची हार्नेसची कंपनी होती. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटात वायरींचं जे जाळं असतं ते; फळीवर खिळे ठोकलेले असतात आणि त्यांच्यामधून लाल, पिवळ्या, काळ्या वायरी ओढून पट्टीनं बांधत जायचं. त्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात एचआरच्या साहेबांनी जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा समजून चार भलत्याच पोरांना सुपारी दिली. मंडपात पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. डावीकडच्या स्पीकरच्या पेटीत साउंडवाल्यानं वायर अशी काही खोचली होती की तिच्यातून फक्त कीबोर्ड बाहेर पडत होता. उजवीकडे पुरुष गिटारवर उड्या मारत होते, कॉलर उडवत होते, आणि आम्ही नव्वद बायका तासभर नुसता कीबोर्ड ऐकत बसलो होतो. दिवसभर वायरी जोडणाऱ्या नव्वद बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की वायर चुकलीय. आम्हाला वाटलं, रॉक म्हणतात ते हेच.

आणि काय सांगू, ते फार आवडलं हो! स्टेजवर मागच्या पडद्याला चिकटून एक पोरगा इस्त्रीच्या टेबलावर कीबोर्ड मांडून उभा होता. तेल लावून पाडलेला भांग, पायात कंपनीचे सेफ्टी शूज, शर्ट खोचलेला. बँकेत स्लिप भरायला आलाय असं वाटावं. पण हात! त्याचे हात काय पळत होते! एक सूर तो परत परत घ्यायचा, टिंग टिटिंग टिंग, टँ टँ, आणि मग शेवटी एक असा काही वळसा मारायचा की पोटात पाळण्यात बसल्यासारखा गोळा यायचा. दुसऱ्या दिवशी लाइनवर रेश्मानं लाल वायर ओढता ओढता तोंडानं ‘टिंग टिटिंग’ केलं, मी पट्टी मारत ‘टँ टँ’ केलं, आणि आठवडाभरात अख्खी लाइन त्या चालीवर हार्नेस बांधायला लागली. सुपरवायझर बाई म्हणाल्या, या महिन्यात प्रॉडक्शन का वाढलंय कळत नाही. आम्हाला कळत होतं. रेश्मा माझी शेजारीण, फळीवरची पण आणि बसमधल्या सीटवरची पण. तिनंच चौकशी करून नाव काढलं. पोरगा चऱ्होलीचा होता आणि त्याला माऊली म्हणायचे. आळंदी जवळ, त्यामुळे त्या गावात दर तिसऱ्या घरात एक माऊली असतोच. रॉक वाजवणारा मात्र हा एकच. चौघेही कुठल्या ना कुठल्या कंपनीत तीन शिफ्टमध्ये भरडले जात होते, कुणालाही कधी जनरल शिफ्ट मिळाली नव्हती, म्हणून बँडचं नाव ते.

आता माझ्या नाकावर चाळिशीचा चष्मा आहे आणि हाताखाली चाळीस मुली. त्या बसमध्ये कानात बोंडं खुपसून बसतात आणि आपापलं ऐकतात. मी त्यांना म्हणते, अगं, आम्ही एक माणूस दीड वर्ष तोंडानं वाजवला. त्या हसतात. हसू देत.

आमचं घर भोसरीत, दोन खोल्यांचं. मूळ आम्ही परभणीकडचे. आई डबे करायची, एकट्या राहणाऱ्या कंपनीतल्या पोरांचे. पहाटेपासून घरात आवाजच आवाज: कुकरच्या शिट्ट्या, भाकरी थापल्याचा धप धप, डब्यांच्या कड्या लागल्याचा खटाखट. मला अजूनही शांत घरात झोप येत नाही, कुणीतरी डबा आपटावा असं वाटतं. येसराची, म्हणजे भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी हे आईचं हुकमी पान. तिच्या वासावर पोरं लांबून सायकली हाणत यायची आणि त्यांतली काही तिथंच जमिनीवर बसून जेवून जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपन्यांच्या बस चालवायचे. बोलायचं काम नाही. घड्याळ हेच त्यांचं दैवत. तीन वीस म्हणजे तीन वीस. एकदा माझी सख्खी आत्या पळत येत होती आणि त्यांनी आरशात बघून बस सोडली होती. ते भांडण आत्यानं मरेपर्यंत चालवलं.

आमच्याकडे जेवणाऱ्यांमध्ये एक होता सॅम. ‘जनरल शिफ्ट’चा गिटारवाला आणि गायक. लांब केस, हातात पितळी कडं. आईच्या वहीत मात्र तो समाधान होता, कारण त्याचं नाव समाधानच होतं, जालन्याचा. ‘सॅम म्हण ना काकू,’ म्हणायचा, तर आई म्हणायची, ‘भाकर समाधानला मिळते. सॅमला पाहिजे असंल तर हाटेलात जा.’ एका संध्याकाळी भाकरी कुस्करता कुस्करता तो सहज बोलून गेला, ‘माऊली सोडायलाय बँड. पर्मनंट झाला ना तो. सोमवारपासून सेकंड शिफ्ट, मग थर्ड, मग काय प्रॅक्टिस अन् काय.’

माझ्या हातातलं आमटीचं भांडं तिरकं झालं. मी म्हटलं, ‘मग तुम्ही काय करणार?’

‘काही नाही. चालून जाईल. कीबोर्ड मागं असतो. तो स्वतःच म्हणला, मी गेलो तर कुणाला कळणारबी नाही, चार वर्षांत माझं कुणी काय ऐकलंय?’

मला इतका राग आला की मी त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढलीच नाही. चार वर्षं! आणि आम्ही नव्वद जणी दीड वर्ष त्या एका माणसाच्या चालीवर गाड्यांच्या वायरी बांधतोय. पुण्यात फिरणाऱ्या अर्ध्या गाड्यांच्या पोटात त्याचा ठेका आहे. आणि हा जाणार कसा, तर कुणाला ऐकूच आलो नाही म्हणून! मला रडू आलं. आई म्हणाली, ‘कामून रडायलीस? तुझा कोण लागतो तो?’ मला सांगता येईना. कोणी लागत नव्हता. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पण तो असा जाता कामा नये, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये रेश्माला सांगितलं. ती म्हणाली, ‘निरोप समारंभ करू.’ झालं. दुसरं काही आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, कारण निरोपाची एकच पद्धत आम्हाला ठाऊक होती, ती कंपनीची. आमच्या पट्ट्यात माणूस रिटायर होतो तेव्हा त्याला खुर्चीवर बसवतात, फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात, बायको-मुलांना घरून बोलावून शेजारी बसवतात. आणि तो गेटकडे निघाला की शॉपमधली माणसं हातातले पाने लोखंडावर वाजवतात. बोलणं कुणाला येत नाही, पण पाना सगळ्यांना वाजवता येतो. माऊलीचं वय असेल चोवीस. पण सेवा ती सेवा, असं रेश्माचं म्हणणं पडलं.

वेळेचा घोळ मोठा होता. आम्ही फर्स्टला, तो सेकंडला. आम्ही सुटणार तेव्हा तो निघणार. शेवटी हिशेब बसला तो मोशीच्या चौकात. आमच्या बस तिथे तीनला यायच्या आणि त्याची बस तिथूनच तीन वीसला निघायची. मधली वीस मिनिटं आमची. चौकात मामाची चहाची टपरी होती, पुढे मोकळी जागा. मामा म्हणाला, ‘खुर्ची देतो, वायर देतो, पन माज्या गिऱ्हाइकाला हाकलू नका.’ आणि तीन वीसची ती बस कोण चालवत होतं, तर अण्णा. मी रात्री जेवताना हळूच म्हटलं, ‘अण्णा, सोमवारी पाच मिनिटं थांबाल?’ अण्णांनी घास गिळला आणि म्हणाले, ‘नाही.’

मग आम्ही ती चूक केली. पद्धत म्हणजे पद्धत. घरच्यांना आमंत्रण नको का? रविवारी मी आणि रेश्मा हळदी-कुंकू आणि पेढे घेऊन थेट चऱ्होलीला माऊलीच्या घरी. त्याला न विचारता. निरोप समारंभाला उत्सवमूर्तीला कोण विचारतं? घर जुनं, दारात दोन म्हशी, आणि म्हशींच्या मागे आठ मजली नवी सोसायटी उभी. म्हशींना तिथल्या लोकांनी पार्किंगचा नंबर दिलाय, असं त्याची आई हसत म्हणाली. गोल चेहऱ्याची, डोईवर पदर. आम्ही माऊलीचा निरोप आहे, यायचं बरं का, असं म्हटल्याबरोबर तिनं दोन्ही हात जोडले.

‘व्हय का! क्लासच्या पोरी का तुमी? आवो, चार वर्सं झाली, क्लास काय संपंना. आमी म्हनायचो, पोरगं मंद तर न्हाई?’

रेश्मानं माझ्याकडे बघितलं. मी पेढ्याच्या पुड्याकडे बघितलं. हळूहळू उजेड पडला. माऊलीनं घरी सांगितलं होतं की तो संध्याकाळी कंपनीच्या कसल्याशा क्लासला जातो. चार वर्षं तो क्लासला जात होता आणि आम्ही नेमक्या त्या क्लासचा शेवट घेऊन दारात उभ्या होतो.

आत वडील टीव्ही लावून बसले होते, आवाज बंद. माऊलीची आई म्हणाली, ‘त्यान्ला ऐकू न्हाई येत. बत्तीस वर्सं प्रेस शॉपात, पत्रं ठोकायच्या मशिनीवर काडली. दोन सालामागं ह्यांचा निरोप झाला, आख्ख्या शॉपानं पाने वाजिवले म्हनं. ह्यांना काय बी ऐकू आलं न्हाई. नुसते हात हालताना दिसले.’ चहात साखर पुरे का बघा म्हणावं इतक्या साधेपणानं तिनं हे सांगितलं, आणि चहा ठेवायला गेली. वडील उठून आले. उंच, वाळलेले, मोठे पंजे. बायकोनं त्यांच्या समोर हातवारे करून, ओठ मोठे करून सांगितलं. त्यांनी मला विचारलं, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, ‘सर्टिफिकेट मिळतंय न्हवं?’

आता खरं सांगायला हवं होतं. मला आजही वाटतं, सांगायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझी मान आपोआप हलली. मिळतंय.

बाहेर आल्यावर रेश्मानं मला रस्त्यात पाठीत धपाटे घातले. संध्याकाळी माऊलीचा फोन आला. सॅमकडून नंबर मिळवलेला. ‘ताई, तुमी कोन?’

मी म्हटलं, ‘तुमचे फॅन.’

 तो म्हणाला, ‘माजे? गिटारचे म्हना.’

‘गिटार आम्ही ऐकलीच नाही,’ मी म्हटलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

तो चिडला नव्हता. घाबरला होता. म्हणाला, ‘ताई, दादांचे कान आवाजानं गेले. ज्या घरात आवाजानं मानूस ठार भैरा झाला, त्या घरात मी काय सांगू, की मी रोज आवाज करायला जातो म्हनून? आता सोडतोयच, तर हे कळायला तरी नको होतं. त्यांनी ट्रंकेतनं स्वतःचा फेटा काडलाय. निरोपाचा. माज्यासाठी.’  मला त्याला एवढंच कळवायचं होतं की तुझं ऐकलंय आम्ही, आणि त्या भरात मी त्याला ज्या माणसापासून तो चार वर्षं जपत होता त्याच माणसासमोर उभा करणार होते. समारंभ रद्द करावा तर वडिलांनी भावकीत सांगून टाकलेलं. मी म्हटलं, ‘माऊली, मी बघते.’ काय बघणार होते, देव जाणे.

आईला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि मग परात ओढली. ‘शंभर धपाटे करते. मान्सं खात असली म्हणजे जास्त विचारत न्हाईत.’ सर्टिफिकेटसाठी आम्ही भोसरीतल्या डीटीपीवाल्याकडे गेलो. सोनेरी किनार, मध्ये मजकूर: यांनी चार वर्षे नियमित हजेरी लावून अभ्यासक्रम पूर्ण केला. खोटं एक अक्षर नाही बघा. तो म्हणाला, ‘विषय?’ हे आम्ही ठरवलंच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, ‘हाताचे काम.’ तो म्हणाला, ‘मेंदीचा क्लास आहे का?’ आम्ही हो म्हटलं. एकदा खोटं बोलायला लागलं की मेंदी काय अन् काय. आणि समाधानला आईनं बजावलं, ‘तू उद्या सर हायेस. केस बांध अन् शर्टाची बटनं लाव.’ सॅमचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण भाकरीचा प्रश्न होता.

सोमवारी तीनला आमच्या तिन्ही बस मोशीच्या चौकात लागल्या आणि नव्वद बायका डबे घेऊन उतरल्या. ऊन मी मी म्हणत होतं. पलीकडे सेकंड शिफ्टची माणसं बसची वाट बघत उभी होती, त्यांना आई धपाटे वाटत सुटली होती. टपरीसमोर प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीच्या शेजारी आणखी दोन, मागे इस्त्रीचं टेबल, त्यावर कीबोर्ड आणि बाजूला बँडचे ड्रम. पेटी एकच होती. त्या पेटीच्या वायरी मी आणि रेश्मानं स्वतः लावल्या, तीनतीनदा तपासून. सगळी वाद्यं एकाच पेटीतून. वायर चुकल्यानं जे सुरू झालं होतं ते वायर नीट लावून संपवायचं, असं मला वाटलं आणि मी वायरी चौथ्यांदा तपासल्या.  

स्कूटरवरून माऊलीचे आईवडील आले. वडिलांचा कडक इस्त्रीचा पांढरा पँट-शर्ट, टोपी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फेटा. बससाठी आधीच येऊन थांबलेला माऊली एवढासा झाला होता. वडिलांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या हातांनी फेटा बांधायला घेतला. चौकातली माणसं बघायला लागली. तीन सात झाले होते. फेटा बांधता बांधता त्यांचं लक्ष ड्रमकडे गेलं.

‘हे वाजाप कशाला?’

माझी आई पुढे झाली. समाधानकडे बोट करून मोठ्यानं, ओठ फाकवून म्हणाली, ‘हे सर हायत! गाणं म्हणणार!’ सॅमनं नमस्कार केला. वडिलांनी सरांकडे सर्टिफिकेट मागितलं. सरांनी दिलं. वडिलांनी ते बोट फिरवत वाचलं, ‘हाताचे काम’ पाशी बोट थांबलं, आणि त्यांनी मान डोलावली. मला वाटलं सुटलो. आता गाणं न वाजवता सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात आणि बस यावी. पण सॅमला कुठे कळतंय! चौक भरलेला, दोन शिफ्टची माणसं, हातात गिटार. त्यानं वाजवायला सुरुवात केली. माऊली माझ्याकडे बघत होता. मी काय करणार? मी मान हलवली. जा. तो उठला, फेट्यासकट, आणि इस्त्रीच्या टेबलामागे जाऊन उभा राहिला.

मी आयुष्यात पहिल्यांदा ते गाणं अख्खं ऐकलं. त्याला शब्द होते! आम्हाला माहीतच नव्हतं. सॅम डोळे मिटून गात होता आणि नव्वद बायका त्याच्याकडे अनोळखी माणसासारख्या बघत होत्या. आणि मग तो सूर आला. टिंग टिटिंग टिंग. रेश्मानं डब्याचं झाकण काढलं आणि चमच्यानं टँ टँ केलं. तिच्या मागोमाग आम्ही सगळ्या. नव्वद डबे! आणि नव्वद गळे, शब्द सोडून, गिटार सोडून, फक्त कीबोर्ड गात होते, एकही सूर न चुकता, प्रत्येक वळशासकट, कारण दीड वर्ष आम्ही दुसरं काही गायलोच नव्हतो. सॅमचं गाणं अर्ध्यावर थांबलं. तो वळला आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं मागे बघितलं. माऊलीचे हात चालू होते, पण तोंड उघडं पडलं होतं. आमच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून आमच्याकडे तो सूर असा नुसता धावत होता. पलीकडची सेकंडची माणसं बसच्या खांबावर किल्ल्या, नाणी, मिळेल ते वाजवायला लागली. मामा किटलीवर झारा मारत होता. मी इतकी खुश होते की मला उडी मारायची होती आणि मी मारली.

तेवढ्यात माऊलीचे वडील खुर्चीतून उठले.

मी उतरले ती थेट जमिनीवरच आले. ते सरळ टेबलाकडे चालत गेले. डबे हळूहळू थांबले, गळे थांबले. माऊलीचे हात मात्र थांबले नाहीत, मला वाटतं ते थांबवणं त्याच्या हातात उरलं नव्हतं. वडिलांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते स्पीकरच्या पेटीपाशी गेले, उकिडवे बसले आणि त्यांनी आपला तो मोठा पंजा तिच्यावर आडवा ठेवला. प्रेसवाले मशीन असंच बघतात, हे मला अण्णांनी नंतर सांगितलं. कान गेल्यावर हातच राहतो. ते बसून राहिले. डोळे मिटले. माऊली वाजवत होता आणि घाम त्याच्या भांगातून फेट्यात जात होता. बराच वेळ त्यांचा हात तिथंच होता.

मग ते माऊलीकडे वर बघून, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘ह्यो क्लास व्हय रं?’

माऊलीनं मान हलवली.

‘चार वर्सं?’

पुन्हा मान.

हात पेटीवरच. ‘एकसारकं चाललंय. कुटं झटका न्हाई.’ आणि मग, ‘आन मग सोडतुयास कशाला?’

माऊलीनं ओठ मोठे करून, सावकाश सांगितलं, ‘पर्मनंट झालोय, दादा.’

वडील त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी दुसरा हात कानापाशी नेला, जणू तिथे काही लागलंय. म्हणाले, ‘आरं, पर्मनंट मी बी हुतो.’

 तीन वीस झाले होते. अण्णांची बस येऊन उभी होती, दार उघडं, इंजिन चालू. सेकंडची माणसं चढली. मी अण्णांकडे बघितलं. ते काचेतून समोर बघत होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात. तीन एकवीस. तीन बावीस. बस उभी होती. माझे वडील आयुष्यात पहिल्यांदा थांबले होते आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्याशिवाय.

माऊलीनं शेवटचा वळसा घेतला, कीबोर्डवर कापड टाकलं, वडिलांच्या पाया पडला. वडिलांनी फेटा सरळ केला. आणि तो खरंच बसमध्ये चढला. काही चमत्कार झाला नाही. पर्मनंटचं पत्र खिशात होतं, घराला नोकरी हवी होती, आणि पहिल्या दिवशी उशीर परवडणारा नव्हता. फक्त तो चढताना आम्ही नव्वद जणींनी पुन्हा डबे धरले. त्याच्या वडिलांनी आजूबाजूला हलणारे हात बघितले. रेश्मानं काय केलं, आपला डबा त्यांच्या हातात दिला. ते एका हातानं डबा धरून दुसऱ्यानं वाजवायला लागले, आणि वाजवता वाजवता त्यांना तो तळहातात लागत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ठेका पार चुकत होता. आम्ही त्यांच्या ठेक्यावर गायलो. बस वळली, खिडकीत तो भगवा फेटा, आणि तेवढ्यात अण्णांनी, जे कधी गाणं म्हणून गुणगुणले नाहीत त्या अण्णांनी, हॉर्न दिला. टिंग टिटिंग टिंग. टँ टँ.

आई म्हणाली, ‘मी तर म्हणलं, तुझ्या अण्णांना गाणं-बिणं कळतच न्हाई.’

‘जनरल शिफ्ट’ पुढे वर्षभर चालला आणि मग बाकीचेही पर्मनंट होत गेले. सॅमचं लग्न झालं आणि तो सगळीकडेच समाधान झाला. माऊली बँडमध्ये परत आला नाही. मध्यंतरी चऱ्होलीला गेले होते. म्हशी गेल्या, त्याच जागेवर त्यांना फ्लॅट मिळालाय, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं चढत होते, तर दुसऱ्या मजल्यावरच तो सूर ऐकू आला. दार उघडंच होतं. समोर भिंतीवर सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, विषय हाताचे काम, काचेत. माऊली कीबोर्ड वाजवत होता; ड्यूटीवरून नुकताच आला असावा, सेफ्टी शूज पायातच होते. आणि स्पीकरच्या पेटीला हात लावून, डोळे मिटून, म्हातारा बसला होता.

त्यांनी माझी सावली ओळखली की काय कोण जाणे, डोळे उघडले. मोठ्यानं म्हणाले, ‘ये पोरी. जागा हाय अजून,’ आणि पेटीवरचा हात थोडा बाजूला सरकवला.